सायकलचं चाक बांधताय? मग गिऱ्हाईकाला ‘जाड स्पोक’ विकू नका



मागच्या व्हिडिओत आपण सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं भांडवल, जागा आणि पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब बघितला. त्यात चाक नव्याने बांधायच्या कामाबद्दल मी दोनच मिनिटं बोललो. खरं तर त्यावर जास्त बोलायला हवं होतं, कारण पंक्चर सगळेच काढतात, ब्रेकचे गुटके सगळेच बदलतात. दुकानाचं नाव होतं किंवा जातं ते चाकावर. आणि चाकाच्या बाबतीत आपल्याकडे एक समजूत इतकी पक्की बसली आहे की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही तिच्यात पैसे घालवतात. समजूत अशी: स्पोक तुटतात म्हणजे स्पोक बारीक आहेत, जाड टाका, टिकतील.

माझं मत याच्या उलट आहे, आणि ते मी फुकट कमावलेलं नाही.

नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) माळीवाड्याच्या बाजूला माझ्या मामाचं सायकलचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे. जामखेड रस्त्याने एक दूधवाला यायचा. काळी अठ्ठावीस इंची सायकल, मागे दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. जाऊन-येऊन रोज वीस किलोमीटर. त्याचं मागचं चाक आम्ही नव्याने बांधून दिलं. ‘आम्ही’ म्हणजे मीच बांधलं, मामा बाहेरगावी होता. पंधरा दिवसांत तीन स्पोक गेले. मी तीन बदलले. आठ दिवसांनी आणखी चार गेले. मामा म्हणाला, “जाड टाक.” मी जाड स्पोक आणले, हबची भोकं लहान पडली म्हणून ती ड्रिलने मोठी केली, आणि पुन्हा चाक बांधलं. त्या वेळी स्पोक नाही तुटले. रिंगच भोकांपाशी चिरली आणि भर रस्त्यात चाकाचा आठ झाला. चाळीस लिटर दूध मातीत. त्या माणसाचा त्या दिवसाचा सगळा धंदा गेला, वर सोसायटीत बोलणी खाल्ली ती वेगळीच. मामाने दुधाचे पैसे गल्ल्यातून काढून दिले. मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

शेवटी ते चाक मामाने भिंगारला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं, सोबत मलाही पाठवलं. त्यांनी नवीन हब घेतला, नवीन रिंग घेतली, आणि स्पोक? साधे १४ गेजचे. म्हणजे मी पहिल्यांदा टाकले होते तेच. ते चाक पुढे कित्येक वर्षं चाललं. फरक एवढाच होता की त्यांनी स्पोक ताणले होते, आणि मी फक्त बसवले होते.

हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी खरेदी यावर आहे.

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. तुंब्यातून निघालेले लाकडी आरे जाडजूड असतात, कारण गाडीचं ओझं खालच्या आऱ्यावर खांबासारखं उभं राहतं. तिथे जाड आरा म्हणजे मजबूत चाक, हे बरोबर आहे. सायकलचा स्पोक मात्र खांब नाही. दोन मिलिमीटरची तार खांब कशी होईल? तिला वरून दाबलं तर ती वाकेल. सायकलचं चाक उभं राहतं ते सगळ्या तारा रिंगेला एकाच वेळी आत ओढून धरतात म्हणून. ओझं आलं की खालच्या तारेचा ताण थोडा कमी होतो, चाक फिरलं की परत वाढतो. जॉब्स्ट ब्रँड्ट नावाच्या इंजिनिअरने १९८१ साली सायकलच्या चाकावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही मुख्य मुद्दा हाच आहे.

आता तार सुरुवातीलाच सैल असेल तर? खाली आल्यावर ती पार ढिली पडते, हबच्या भोकात हलते, वर गेल्यावर पुन्हा ओढली जाते. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. एका किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे. त्या दूधवाल्याच्या वीस किलोमीटरला रोज नऊ हजार. आपण लहानपणी तार हाताने तोडायला काय करायचो? इकडे-तिकडे वाकवत राहायचो. तेच इथे दिवसाला नऊ हजार वेळा चाललेलं असतं. म्हणून स्पोक जवळजवळ नेहमी हबपाशी, त्या वाकाजवळ तुटतो. मधोमध तुटलेला स्पोक तुम्ही किती वेळा पाहिलाय? काठी किंवा साखळी अडकल्याशिवाय नाही.

आणि जाड स्पोक काय करतो? तो कमी ताणला जातो. बारीक तार रबरासारखी थोडी लांबते, रिंग खड्ड्यात दबली तरी तिच्यात ताण शिल्लक राहतो. जाड तार तेवढ्याच ओढीला फार थोडी लांबते, म्हणून रिंग जराशी दबली की लगेच ढिली पडते. तिला नीट ताणायचं तर जास्त ओढावं लागतं, आणि मग साधी रिंग भोकांपाशी चिरते. माझ्या हातून झालं ते नेमकं हेच. जाड स्पोकला तशीच दणकट रिंग आणि जाड तारेसाठीच बनवलेला हब लागतो. मालवाहू तीनचाकीला १२ गेज ठीक, तिथे सगळंच त्या मापाचं असतं. साध्या सायकलला १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटर, पुरेसा आहे. रोज ओझं वाहणाऱ्या सायकलला, हबची भोकं मुळातच मोठी असतील तर, १३ गेज, म्हणजे २.३ मिलिमीटर. भोक मोठं करायला ड्रिल हातात घ्यायचं नाही.

मग स्पोक निवडताना बघायचं काय? माल बहुतेक लुधियानाकडून येतो, ग्रोसच्या पेटीत, म्हणजे १४४ नग. पेटी घ्यायच्या आधी मूठभर स्पोक बाहेर काढा. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोळवा; सरळ लोळले पाहिजेत. वाकाच्या आतल्या बाजूला भिंग लावा, तिथे ओरखडा किंवा चीर दिसली तर पेटी परत. डोकं तारेच्या मधोमध बसलंय का, आटे स्वच्छ आहेत का, निपल शेवटपर्यंत बोटाने फिरतो का, हे दोन मिनिटांत कळतं. एक स्पोक बळी द्या, वाक पक्कडीने उघडा आणि परत बंद करा. पहिल्याच वेळी कटकन तुटला तर तो माल दुकानात आणू नका, कितीही स्वस्त असला तरी. स्टेनलेस आहे का हे बघायला लोहचुंबक लावायची पद्धत आहे, तिच्यावर फार विसंबू नका. ओढून काढलेली चांगली स्टेनलेस तारही थोडी चिकटते. स्टेनलेसवर दोन पैसे जास्त द्यायचे असतील तर मोकळ्या सुट्या मालापेक्षा कंपनीचा शिक्का असलेल्या डोक्याचा स्पोक घ्या.

स्टेनलेस सगळ्यांनाच हवा का? इथे आपला जिल्हा बघा. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. तिथला शाळेचा पोरगा किंवा पोस्टमन पावसाळ्याचे चार महिने ओल्या चाकावर फिरतो. त्याला साधा पांढरा मुलामा दिलेला स्पोक दोन पावसाळ्यांत लाल होतो आणि निपल गंजून जाम बसतो, मग पुढच्या वेळी आऊट काढताच येत नाही. त्याला स्टेनलेस सांगा, आग्रहाने सांगा. उलट कर्जत-जामखेडकडे, पर्जन्यछायेत, साध्या स्पोकवर चांगला ताण असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. तिथल्या गिऱ्हाईकाला स्टेनलेसचे पैसे घालायला लावणं मला पटत नाही. ते पैसे त्याने जाड टायरवर घालावेत, बाभळीच्या काट्यांची आणि सराट्यांची सोय होईल. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या उसाच्या पट्ट्यात तिसरीच गोष्ट: सायकलवरून खताची गोणी जाते. खताची पूड ओल धरते आणि मुलामा खाते. अशा सायकलचं मागचं चाक तेवढं स्टेनलेसमध्ये, पुढचं साधं, हा व्यवहार गिऱ्हाईकालाही पटतो.

निपल मात्र कुठल्याही गावात पितळीच. लोखंडी निपलमध्ये वाचलेले पैसे पुढच्या दुरुस्तीत दामदुपटीने जातात. बसवताना आट्यांवर तेलाचा एक थेंब, विसरायचं नाही.

आता रिंग. रिंगेबद्दल मला कमी बोलायचंय, कारण ती निवडणं सोपं आहे. चुका होतात त्या मापात. गिऱ्हाईक सांगतो “सव्वीस इंची” आणि आपण सव्वीस इंची देतो. पण सव्वीस इंच नावाची रिंग एक नाही. जाड टायरच्या गिअर सायकलची ५५९ मिलिमीटर, बारीक टायरच्या जुन्या लेडीज सायकलची बहुतेक वेळा ५९०. तीन सेंटिमीटरचा फरक! टायरच्या कडेला बारीक अक्षरात दोन आकडे असतात, जसं ४०-६३५. त्यातला दुसरा आकडा हे रिंगेचं खरं माप. जुन्या काळ्या अठ्ठावीस दीडच्या सायकलची ६३५, हल्लीच्या सातशे सी आणि एकोणतीस इंची दोन्हींची ६२२. हे आकडे दुकानाच्या भिंतीवर रंगवून ठेवा. भोकंही मोजा, अंदाज नको. जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० असतात, दुसऱ्या कित्येक सायकलींना दोन्हीकडे ३६. चाळीसच्या हबला छत्तीसची रिंग ‘जमवून’ देणारे कारागीर मी पाहिलेत. जमवू नका.

रिंग सपाट आहे का ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. घरोघरी ओट्याला असतो तो कडप्पा एक तुकडा आणून ठेवा. रिंग त्यावर आडवी ठेवा, चारी बाजूंनी बोटाने दाबा. खडखडली तर परत. सांध्यावरून नखं फिरवा, पायरी लागली तर ब्रेक धरताना तिथे दर फेऱ्याला झटका बसणार. रिंगच वाकडी असेल तर ती सरळ करायला काही स्पोक कडक आणि काही ढिले ठेवावे लागतात, आणि ढिल्याचं काय होतं ते वर सांगितलंच. म्हणजे स्वस्त वाकडी रिंग चांगल्या स्पोकची पण वाट लावते.

लोखंडी की अ‍ॅल्युमिनियम? काळ्या सायकलला सळईचे ब्रेक असतात, ते रिंगेच्या आतल्या बाजूला लागतात. तिला त्याच आकाराची लोखंडी रिंग लागते, तिथे निवड नाही. बाजूने दाबणारे ब्रेक असतील आणि माणूस पावसात फिरत असेल तर मी अ‍ॅल्युमिनियमचीच सांगतो. ओल्या चकचकीत लोखंडी रिंगेवर ब्रेक किती उशिरा लागतो हे करंजी घाटातून खाली उतरताना कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. ओझ्यासाठी दुहेरी भिंतीची घ्या. लोखंडी रिंगेला पोचा आला तर ठोकून जरा तरी निघतो, अ‍ॅल्युमिनियमची ठोकायला गेलात तर चिरते, हे मात्र गिऱ्हाईकाला आधी सांगून ठेवा.

स्पोकची लांबी जुन्या स्पोकवरून घ्यायची: वाकाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये. उजवी-डावी वेगळी मोजा. दोन मिलिमीटर लांब झाला तर टोक ट्यूबमध्ये घुसतं, आखूड झाला तर सगळा भार निपलच्या थोड्याशा आट्यांवर येतो. गिअरच्या सायकलला मागे उजवे स्पोक कडक आणि डावे थोडे ढिले असतातच, हबची रचनाच तशी आहे. तिथे डावीकडचे तुटत असतील तर तारेला दोष देऊ नका, सगळ्या चाकाचा ताण वाढवा.

ताण कसा कळणार? मिटर मिळतो, परवडला तर घ्या. आमच्या भिंगारच्या मिस्त्रींकडे नव्हता. ते स्पोक बोटाने छेडायचे. एका बाजूचे सगळे एकाच सुरात वाजले पाहिजेत. एखादा थड्ड वाजला की तो ढिला. मग ते समोरासमोरचे स्पोक जोडीजोडीने मुठीत धरून करकचून आवळायचे, पूर्ण चाकभर, दोनदा. त्याने स्पोक आपापल्या जागी बसतात, चाक पुन्हा थोडं हलतं, पुन्हा आऊट काढायचा. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच वेळ काढतोय.

आता धंद्याचं बोलू. मला माहीत आहे, तुमच्यापैकी बरेच जण म्हणणार: “सर, एवढा वेळ घालवून परवडतं का? लुधियानाचं तयार चाक मिळतं की.” मिळतं. आणि लहान मुलांच्या सायकलला तेच विका, तिथे चाक बांधत बसणं म्हणजे स्वतःची मजुरी फुकट वाटणं. फक्त तयार चाक पेटीतून काढून तसंच जोडू नका. स्पोक छेडून बघा, कितीतरी ढिले सापडतील. वीस मिनिटं ताण द्या, त्याचे पैसे लावा.

ज्याचं पोट त्या चाकावर आहे त्याच्यासाठी मात्र चाक बांधा. एमआयडीसीत रात्रपाळीला सायकलने जाणारा कामगार, पहाटे पेपर टाकणारा, कुल्फीवाला, झाडूवाला. दूधवाले आता बहुतेक मोटारसायकलवर गेले, पण हे लोक अजून आहेत, आणि त्यांची सायकल एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बंद. दुसरीकडे हौशी सायकलवाले वाढलेत. महागडी सायकल घेतात आणि आऊट काढायला पुण्याला नेतात. का? नगरमध्ये कोणावर विश्वास नाही म्हणून. ही जागा रिकामी आहे.

हिशेब असा करा. समजा तुम्हाला दिवसाला ८०० रुपये मजुरी सुटायला हवी, आणि आठ तासांतले खरे कामाचे तास पाचच निघतात (बाकी चहा, चौकशा, उधारी मागणं). म्हणजे तासाला १६० रुपये. चाकाला दीड तास धरा: २४० रुपये. त्यावर पंधरा दिवसांनी परत बोलावून आऊट काढायचा अर्धा तास: ८० रुपये. ३२० रुपये मजुरी झाली, स्पोक, रिंग आणि तुमचा नफा वेगळा. साध्या आणि चांगल्या स्पोकमध्ये नगामागे समजा दोन रुपयांचा फरक आहे. चाळीस स्पोकला ८० रुपये. म्हणजे माल हलका घेऊन तुम्ही वाचवणार ८०, आणि चाक परत आलं की फुकट घालवणार २४०. कच्चा माल घेताना बिल पण बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्याच दराने कोणी लावत असेल तर विचारा.

पंधरा दिवसांनी परत बोलावणं हा माझा हट्ट आहे. नवीन चाक पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बसतं, थोडं ढिलं पडतं. त्याच वेळी परत ताणलं तर ते वर्षानुवर्षं जातं. गिऱ्हाईकाला तोंडी सांगू नका, तो विसरतो. लहान कार्ड करा: तारीख, रिंगेचं माप, भोकं, स्पोकचा गेज, दोन्ही बाजूंची लांबी, आणि परत यायची तारीख. एक प्रत त्याला, एक तुमच्या वहीत. वर्षभरात त्या वहीतून तुम्हाला कळेल की आपल्या भागात कुठली लांबी खपते, आणि मग अंदाजाने ग्रोस भरून गंजत ठेवायची वेळ येणार नाही. आणि एकाच बाजूचे तीन-चार स्पोक तुटलेलं चाक आलं तर एकेक बदलत बसू नका. बाकीच्यांनीही तेवढेच फेरे खाल्लेत, तेही रांगेत उभे आहेत. पूर्ण सेट सांगा. गिऱ्हाईक नको म्हणाला तर तसं कार्डावर लिहून द्या.

सायकलच्या धंद्याला छोटा म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी जाता जाता: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला १८८८ साली सुरुवात केली ती सायकलच्या दुकानाने. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं. आपल्या नगरलाही दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना झाला. त्यांच्या लुनाला स्पोकचीच चाकं होती, आणि मामाच्या दुकानात लुनाच्या चाकाचा आऊट काढायला येणारे कमी नव्हते.

पुढच्या व्हिडिओत मी याच कडप्प्यावर एक चांगली आणि एक वाकडी रिंग ठेवून दाखवणार आहे, आणि चाळीस भोकांचं चाक पहिल्या स्पोकपासून बांधणार आहे, कुठेही न कापता. तोपर्यंत घरातली सायकल उलटी करा आणि मागचे स्पोक एकेक करून छेडा. किती थड्ड वाजले ते मोजून कळवा. स्पोकची लांबी विचारायची असेल तर जुना स्पोक मोजून पाठवा, वाकाच्या आतून, डोक्यापासून नाही.